बिनपडद्याचा बेस घेताय? बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या नव्या वादकांसाठी

फ्रेटलेस, म्हणजे मानेवर पडदे (फ्रेट) नसलेली, बेस गिटार घेऊ का, हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत मला निदान दहा-बारा पोरांनी विचारला. दोघं निपाणीचे, एक खानापूरचा, बाकीचे बेळगावातलेच. सगळ्यांची अडचण एकच होती. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. कुणी म्हणतं आधी दोन वर्षं साधा बेस वाजव, कुणी म्हणतं थेट फ्रेटलेसच घे, कुणी म्हणतं आपल्याकडे त्याचा उपयोगच नाही. शेवटी पोरगं कंटाळून एखादा व्हिडिओ बघतं आणि आवडलेला बेस मागवून मोकळं होतं.

मीही याच गोंधळातून गेलो आहे. माझा पहिला फ्रेटलेस मी घाईत आणि चुकीच्या पद्धतीने मिळवला. त्यात पैसे गेलेच, पण सरावाचं जवळपास दीड वर्ष हातातून गेलं, त्याचं जास्त वाईट वाटतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून क्रमाने लिहितो.

१. वाद्य नीट समजून घ्या

सतारीला पडदे असतात, सरोदाला नसतात. साधा बेस आणि फ्रेटलेस बेस यांच्यात फरक एवढाच आहे, पण त्या एका फरकाने डाव्या हाताचं सगळं काम बदलतं. साध्या बेसवर बोट पडद्याच्या जरा मागे पडलं तरी चालतं, कारण स्वर पडदाच पक्का करतो. फ्रेटलेसवर पडदा जिथे असता नेमकं तिथे बोट पडावं लागतं, आणि स्वर तुमचं बोटच ठरवतं.

थोडा इतिहास माहीत असलेला बरा, कारण वाद घालणारे त्याचेच दाखले देतात. लिओ फेंडरने १९५१ मध्ये आणलेल्या इलेक्ट्रिक बेसचं नाव 'प्रिसिजन' ठेवलं, म्हणजे अचूक. उभ्या डबल बेसवर स्वर शोधावा लागायचा, इथे पडद्यांमुळे तो आयता मिळू लागला, हा त्या नावाचा अर्थ. म्हणजे पडदे हेच या वाद्याचं मोठं आकर्षण होतं. पुढे दहाच वर्षांत, १९६१ मध्ये, नंतर रोलिंग स्टोन्स या बँडमध्ये गेलेल्या बिल वायमनने आपल्या एका स्वस्त बेसचे पडदे काढून टाकले. अँपेग कंपनीने १९६६ मध्ये कारखान्यातूनच बिनपडद्याचा बेस काढला, फेंडरने १९७० मध्ये. पण हा आवाज जगभर पोचला तो जाको पास्टोरियस या अमेरिकन बेसवादकामुळे. त्याचा पहिला अल्बम १९७६ चा. त्याच्याकडे १९६२ सालचा, पडदे काढलेला, फेंडरच्या 'जॅझ बेस' या मॉडेलचा बेस होता, आणि त्याच्या फिंगरबोर्डवर, म्हणजे मानेवरच्या बोटं ठेवायच्या लाकडावर, बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचा थर दिलेला होता.

आता आवाजाबद्दल. फ्रेटलेसचा स्वर सुरू होतो आणि मग उघडत जातो, 'म्वाऽऽ' असा. हे कशाने होतं ते मला मिरजेला सतारमेकर गल्लीत बसून कळलं. बेळगावहून सकाळच्या गाडीने मी एका मित्राच्या तंबोऱ्याची जवारी काढायला गेलो होतो. कारागीर घोडीवर कानस अगदी हलकेच फिरवायचे, तार चढवायचे, छेडून ऐकायचे, पुन्हा उतरवायचे. तासभर हेच चाललं होतं. मग सुती दोरा तारेखाली केसभर सरकवला आणि इतका वेळ मुका वाटणारा तंबोरा एकदम बोलायला लागला. तार घोडीच्या पसरट पाठीला थरथरताना निसटता स्पर्श करते, त्यातून तो आवाज येतो. फ्रेटलेसवर तार बोटापुढच्या लाकडाला तसाच निसटता स्पर्श करते. ज्याने तंबोरा जवळून ऐकलाय, त्याला हा आवाज ओळखायला वेळ लागत नाही, आणि आपल्या भागात तंबोरा ऐकलेली माणसं पुष्कळ आहेत. बेळगावजवळचं सुळेभावी हे कुमार गंधर्वांचं जन्मगाव.

२. मत देणारा कुठे वाजवतो ते आधी विचारा

ही पायरी कुणी सांगत नाही. मला सगळ्यात महत्त्वाची हीच वाटते. मी चार जणांकडे गेलो होतो, चौघांनी चार वेगळी मतं दिली.

कॅम्पातले एक अंकल तीस-पस्तीस वर्षं चर्चच्या क्वायरसोबत बेस वाजवतात. ते म्हणाले, "पहिली दोन वर्षं फ्रेटचाच. हात बसल्याशिवाय दुसऱ्याला शिवू नको." त्यांच्याकडे ऑर्गन वाजतो, त्यावर चार आवाजांत माणसं गातात, आणि सगळ्यांचा पाया बेसवर उभा असतो. पाया हलला की अख्खा क्वायर हलतो. त्यांच्या जागी मीही हेच सांगितलं असतं.

शहापूरचे ऑर्केस्ट्रावाले अण्णा म्हणाले, "कशाला उगं डोक्याला ताप? एका रात्रीत पस्तीस गाणी. हिंदी झालं की कन्नड, कन्नड झालं की लावणी. स्टेजवर अंधार, पायाखाली केबल. तिथं स्वर शोधत बसणार काय तू?" हेही खरं आहे. शिवाय ज्या गाण्यांत बेस अंगठ्याने आपटून वाजवतात, त्यांत तार धातूच्या पडद्यावर आपटून जो टणत्कार येतो तो लाकडावर येत नाही.

टिळकवाडीतल्या एक गाणाऱ्या ताई आहेत, अभंग आणि भावगीतं गातात, कन्नड दासपदंही गातात. त्यांना फ्रेटलेसच हवा असतो. त्यांचं म्हणणं असं की साधा बेस मींडेच्या आड येतो. त्या गंधारावरून मध्यमाकडे सरकत असतात आणि बेस मध्येच पायरी घातल्यासारखा दुसऱ्या स्वरावर उडी मारतो. फ्रेटलेस त्यांच्यासोबत सरकतो. पण अट कडक आहे. बेस बेसूर झाला की त्या गाता गाता मान वळवून मागे बघतात. बोलत काही नाहीत, नुसतं बघतात.

चौथे एक व्हायोलिन शिकवणारे सर. ते म्हणाले, "आठ वर्षांची पोरं माझ्याकडे बिनपडद्यावरच सुरुवात करतात. तुम्हाला काय अडचण आहे?"

चौघांपैकी चूक कुणीच नव्हतं. प्रत्येकाने आपल्या बैठकीला लागणारा बेस सांगितला. तेव्हा "फ्रेटलेस चांगला का?" असं विचारू नका. "तुम्ही कुणासोबत वाजवता, किती गाणी, समोर हार्मोनियम असतो की कीबोर्ड की नुसता तंबोरा?" असं विचारा, आणि मग ते उत्तर आपल्या कामाशी ताडून बघा.

माझा कौल विचाराल तर मी व्हायोलिनच्या सरांच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाचा प्रत्येक स्वर ऐकून "वर, अजून वर, हां" असं सांगणारं माणूस आठवड्यातून दोनदा समोर बसलेलं असतं. तसं माणूस तुम्हाला मिळणार असेल तर थेट फ्रेटलेस घ्या. घरी एकट्यानेच शिकणार असाल तर अंकलांचं ऐका. एकट्याचा कान चुकीच्या स्वराला चार महिन्यांत सरावतो, आणि ती सवय मोडायला वर्ष लागतं.

३. पैसे काढण्याआधी कान तपासा

याला फ्रेटलेस लागत नाही. कुणाचाही साधा बेस आणि फोनवरचा ट्यूनर पुरे. मित्राला सर्वांत बारीक तार, म्हणजे जी, वाजवत ठेवून तिची खुंटी अगदी हळू उतरवायला सांगा. शेजारी त्याच स्वराचा तंबोरा फोनवर सुरू असू द्या. तुम्ही डोळे मिटून बसा आणि बेसूर वाटलं की हात वर करा. मग ट्यूनर बघा. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की एका भागाला सेंट म्हणतात. दहा सेंटच्या आत हात वर झाला तर कान तयार आहे. वीसच्या पुढे गेलात तर आधी दोन-तीन महिने तंबोऱ्यासोबत गाऊन घ्या. आवाज चांगला नसला तरी चालेल, गाऊनच घ्या.

हे सेंट बोटाखाली केवढे असतात तेही समजून घ्या. बहुतेक बेसची तार नटपासून, म्हणजे डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीपासून, ब्रिजपर्यंत, म्हणजे धडावरच्या घोडीपर्यंत, ३४ इंच असते. पहिल्या पडद्याच्या जागेजवळ बोट ५ मिलिमीटर चुकलं तर स्वर साधारण १० सेंट हलतो. बाराव्या पडद्याच्या जागी तेच ५ मिलिमीटर २० सेंटची चूक करतात. म्हणून वरच्या भागातल्या सुंदर करामती व्हिडिओत बघून सुरुवात तिथून करू नका.

४. रेघांचा की कोरा?

काही फ्रेटलेसवर पडद्यांच्या जागी बारीक रेघा आखलेल्या असतात, काहींचा फिंगरबोर्ड कोरा असतो. या एका गोष्टीवरून वादकांत जेवढी भांडणं होतात तेवढी दुसऱ्या कशावरून होत नसतील. कोरावाले म्हणतात, रेघ आली की डोळे वाजवतात आणि कान झोपतो. रेघवाले म्हणतात, अंधाऱ्या स्टेजवर आधार का नाकारायचा? जाकोच्या बेसवर भरलेल्या खाचांच्या रेघा दिसत होत्या, आणि त्याच्या कानाबद्दल कुणी शंका घेतलेली मी तरी ऐकली नाही.

नव्या माणसाने रेघांचाच घ्यावा. मात्र दोन सापळे आहेत. उभं राहून खाली वाकून बघितलं की नजर तिरकी पडते, रेघ आहे त्यापेक्षा वेगळ्या जागी दिसते आणि बोट चुकतं. म्हणून रेघ हात शोधायला वापरा, स्वर पक्का करायला कान वापरा. दुसरा सापळा कोऱ्या बेसवर जास्त नडतो. मानेच्या कडेला जे ठिपके असतात ते काही कंपन्या नेमक्या पडद्याच्या जागी देतात, तर काही साध्या बेससारखे दोन पडद्यांच्या मधोमध. हे तपासल्याशिवाय ठिपक्यावर बोट ठेवलंत तर प्रत्येक स्वर जवळपास पाव स्वर उतरलेला येईल. तपासायचं असं: खुल्या तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे १७ इंचांवर, बाराव्या पडद्याचा दुहेरी ठिपका येतो का ते पट्टीने मोजा.

५. तारा

तारांचे दोन मुख्य प्रकार. राउंडवाउंडला बाहेरून गोल तारेचा पीळ असतो, बोट फिरवलं की खरखर लागते, आवाज चकचकीत आणि गुरगुर, म्हणजे तोच 'म्वाऽऽ', भरपूर. फ्लॅटवाउंड गुळगुळीत, आवाज गोल, उभ्या डबल बेसच्या जवळ जाणारा. राउंडवाउंड मऊ लाकूड खाते. रोजवूडच्या फिंगरबोर्डवर वर्षभर मींड ओढलीत की तारेखाली चऱ्या दिसू लागतात. एबनी म्हणजे काळं कडक लाकूड जास्त टिकतं, इपॉक्सीचा थर दिलेलं त्याहून जास्त. साधा रोजवूडचा बेस असेल तर फ्लॅटवाउंड लावा. नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या काळ्या ताराही मिळतात, त्याही लाकडाला सांभाळून घेतात.

६. कुठून घ्यायचा आणि काय बघायचं

बेळगावातल्या दुकानात फ्रेटलेस टांगलेला मी अजून पाहिलेला नाही. साधा बेस मिळतो, फ्रेटलेस मागवावा लागतो. पुणे, बेंगळुरू, गोवा इथे हातात घेऊन बघायला मिळण्याची शक्यता जास्त. ऑनलाइन मागवणार असाल तर खोका उघडतानाचा व्हिडिओ सलग काढा. मानेला प्रवासात मार बसला असेल तर नंतर सिद्ध करणं अवघड जातं.

जुना घेत असाल तर दिवसाउजेडी जा. बेसच्या डोक्याकडून ब्रिजकडे एका डोळ्याने मान बघा, पिळलेली दिसली तर परत या. मग प्रत्येक तारेवर प्रत्येक अर्धा स्वर वाजवून बघा. एखाद्या जागी आवाज एकदम मेला किंवा नुसता खडखडला तर तिथे लाकूड उंच-सखल आहे. शेवटी ट्रस रॉड, म्हणजे मानेतली सळई, दोन्ही बाजूंना थोडी फिरते का ते मालकासमोर बघा. अडकलेल्या सळईचा बेस फुकट मिळाला तरी घेऊ नका.

कागद एवढे हवेत:
- नव्यासाठी पक्कं बिल, त्यावर सिरीयल नंबर लिहून घेतलेला
- वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख
- जुन्यासाठी विकणाऱ्याच्या सहीची पावती, रक्कम आणि सिरीयल नंबर दोन्ही लिहून
- बेसच्या पुढून, मागून आणि डोक्याच्या मागच्या बाजूचे फोटो, फोनमध्ये आणि मेलवर

आणि सामान:
- त्या बेसला बसणाऱ्या अ‍ॅलन की, म्हणजे षटकोनी किल्ल्या
- अर्धा मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी
- क्लिपचा ट्यूनर, कारण गोंगाटात फोनचा चालत नाही
- फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप आणि हेडफोन
- रुंद पट्टा, बेस जड असतो

७. साध्या बेसचे पडदे उपटू नका

ही माझी स्वतःची चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझ्याकडे एक साधा बेस होता. नवा फ्रेटलेस परवडत नव्हता. गिटार दुरुस्त करणाऱ्या एकाने सांगितलं, "दे की, दोन दिवसांत पडदे काढून देतो." मी दिला. तिसऱ्या दिवशी हातात आला तेव्हा प्रत्येक खाचेच्या दोन्ही कडांना रोजवूडचे कपचे उडालेले होते. कुठे तांदळाच्या कणीएवढे, कुठे चांगले गव्हाएवढे. पडदे गरम न करता सरळ पकडीने ओढले होते. खाचांत लाकडाची पुट्टी भरली होती ती अजून ओलसर होती, आणि नखाने दाबली की खळगा पडायचा. तार लावली तर ती लाकडापासून इतकी उंच की दाबताना बोट दुखायचं.

नंतर मला कळलं की काम असं करायचं नसतं. सोल्डरिंग आयर्नने एकेक पडदा तापवायचा, म्हणजे खालचा डिंक सैल होतो आणि लाकूड थोडं मऊ पडतं. तोंड सपाट घासलेल्या पकडीने एका टोकापासून हळूहळू उचलत जायचं. खाचेत पुट्टीऐवजी बरोबर जाडीची लाकडाची पट्टी डिंकाने बसवायची, म्हणजे मानेचा कडकपणा टिकतो. मग फिंगरबोर्डच्या गोलाईचा ठोकळा घेऊन त्यावर पॉलिशपेपर लावून घासायचं, नुसत्या हाताने नाही. पडदे गेले म्हणजे त्यांच्या उंचीएवढं, साधारण एक मिलिमीटर, सगळंच खाली यायला हवं. त्यासाठी नटच्या खाचा खोल करायच्या, ब्रिज उतरवायचा, आणि तरीही तार उंच राहिली तर मान जिथे धडाला जोडलेली असते तिथे पातळ पट्टी सरकवून कोन बदलायचा.

हे सगळं येणारा माणूस सापडला आणि त्याने आधी केलेलं एखादं काम तुम्ही वाजवून बघितलंत, तरच बेस द्या. नाहीतर थोडं थांबा, पैसे साठवा, कारखान्यातून आलेलाच घ्या. माझा तो बेस कपाटावर पडून आहे.

८. गायकाच्या पट्टीला बेस लावून घ्या

हे मला कुठल्याही बेसवादकाने सांगितलं नाही, हार्मोनियमवाल्या काकांनी सांगितलं. आपल्याकडे भजन-अभंगाला पुरुषांची पट्टी बऱ्याचदा काळी एक, म्हणजे सी शार्प, असते. बेसच्या खुल्या तारा असतात ई, ए, डी, जी. आता काळी एकला सा धरून या चार तारा मोजा. ई येते कोमल गंधार, ए येते कोमल धैवत, डी कोमल ऋषभ, जी तीव्र मध्यम. म्हणजे भूप किंवा यमनच्या अंगाचं काही वाजवत असाल तर यातल्या तीन-चार खुल्या तारा उपयोगाच्याच नाहीत. सा नाही, पंचम नाही. साध्या बेसवर याने फारसं अडत नाही, पडदा आहेच. फ्रेटलेसवर मात्र खुली तार हाच एक हमखास सुरातला स्वर असतो, आणि तोच गेला.

उपाय सोपा आहे. चारही तारा अर्धा स्वर उतरवा. आता जाड तारेपासून मोजा: शुद्ध ऋषभ, पंचम, सा, मध्यम. सा आणि पंचम दोन्ही खुल्या मिळाल्या. बोटाचा स्वर चुकला की शेजारच्या खुल्या तारेशी तो लगेच भांडतो आणि कळतं. तारा थोड्या सैल पडतात, त्यामुळे मान जराशी मागे जाऊ शकते, तेव्हा दुसऱ्या दिवशी ट्रस रॉड तपासा, फिरवायचा झाला तरी पाव फेऱ्याच्या आत. काही जण म्हणतात याने बेसचा दम जातो. मला तसं वाटलं नाही, आणि वाटलंच तर एक नंबर जाड तारा लावता येतात.

इथे आणखी एक वाद आहे, तो शेवटपर्यंत मिटत नाही. हार्मोनियमचा शुद्ध गंधार हा तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सा खुला ठेवून त्याच तारेवर गंधार वाजवलात तर हा फरक बोटाखाली साडेपाच मिलिमीटरचा होतो, म्हणजे हाताला जाणवणारा. मग कुणाच्या मागे जायचं? ऑर्केस्ट्रावाले सांगतात कीबोर्डच्या मागे. ताई सांगतात माझ्या मागे. मी असं करतो: हार्मोनियम मोठा वाजत असेल तेव्हा गंधारावर थांबतच नाही, सा-पंचम धरून राहतो. गाणं नुसत्या तंबोऱ्यावर आलं की मग गंधार घेतो, आणि तो ताईंचा घेतो.

९. पहिले तीन महिने

रोज अर्धा तास पुरे, पण तंबोरा लावल्याशिवाय एक मिनिटही वाजवू नका. पहिला महिना फक्त लांब स्वर. एक स्वर, चार ठोके, सोडा. प्रत्येक स्वर कुठल्यातरी खुल्या तारेशी ताडून बघा. ई तारेवर पाचव्या जागी जो स्वर येतो तोच खुल्या ए तारेचा, डी तारेवर दुसऱ्या जागी येतो तो खुल्या ई चा वरचा सप्तक. अशा जोड्या स्वतः शोधून वहीत लिहा.

बोटाचं टोक उभं ठेवा. आडवं पडलं की ते दोन-तीन मिलिमीटर जागा जास्त व्यापतं आणि स्वर पसरतो. बोट हलवून कंप द्यायची घाई नको. चुकलेला स्वर कंपाखाली झाकता येतो हे पहिल्या आठवड्यातच प्रत्येकाच्या लक्षात येतं, आणि नेमकं तिथेच शिकणं थांबतं. कंप तिसऱ्या महिन्यात.

ती गुरगुर हवी असेल तर मागच्या पिकअपचा, म्हणजे तारांखाली बसवलेल्या आवाज उचलणाऱ्या चुंबकाचा, आवाज थोडा जास्त उघडा, उजवा हात ब्रिजकडे न्या, तार लाकडाच्या जवळ आणि मान जवळपास सरळ ठेवा. आणि हळू वाजवा, जोरात छेडलं की गुरगुर जाते आणि नुसता खडखडाट राहतो.

आठवड्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करा आणि ते गाणाऱ्या माणसाला ऐकवा. बेसवाल्याला ऐकवू नका, तो हाताबद्दल बोलत बसतो.

१०. पावसाळा आणि स्टेज

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडची हवा लाकडाला सोसत नाही, खानापूर-लोंढ्याकडे तर भिंतीसुद्धा ओल्या असतात. मान फुगते, तार वर जाते. मग फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत उलटं. साध्या बेसवर हे चालून जातं, फ्रेटलेसवर केसभर फरकही आवाजात उतरतो. बेस बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि पाऊस सुरू झाल्यावर एकदा, संपल्यावर एकदा मान तपासा. गणपतीचे कार्यक्रम नेमके या ओल्या दिवसांत येतात, तेव्हा मंडपात पोचल्यावर अर्धा तास बेस उघडा ठेवून मगच सुरात लावा.

स्टेजवर दोन गोष्टी मागून घ्या: स्वतःचा मॉनिटर, म्हणजे आपल्याकडे तोंड केलेला स्पीकर, आणि त्यात गायकाचा आवाज. बेसचा खालचा स्वर मोठ्या स्पीकरमधून घुमत परत येतो, त्यावरून सूर कळत नाही. ऐकूच येत नसेल तर त्या रात्री फ्रेटलेस वाजवू नका. पहिलं वर्षभर साधा बेस सोबत न्या, आणि कार्यक्रमात दोनच गाणी फ्रेटलेसवर घ्या, संथ लयीतली, आधी गायकासोबत बसलेली.

खानापूरच्या त्या मुलाने तसंच केलं. त्याने रेघांचा जुना बेस घेतला, अर्धा स्वर उतरवून लावला, सहा महिने सरांकडे जाऊन बसला. कार्तिकीच्या कार्यक्रमात त्याने एकच अभंग फ्रेटलेसवर वाजवला, ताईंच्याच मागे. ताई त्या दिवशी स्वतःची पट्टी सोडून एका पुरुष गायकासोबत काळी एकमध्ये गात होत्या. मी बाजूला उभा राहून त्यांच्या मानेकडे बघत होतो. पहिला अंतरा गेला, दुसरा गेला. शेवटच्या ओळीला पोराने खुल्या सा वरून पंचमाकडे लांब मींड ओढली, मला धडकीच भरली. ताईंनी मागे वळून पाहिलं नाही.